पाण्याला वेळ देणारे काका

ज्याला धबधब्यांचे फोटो काढायचा नाद आहे, त्यानं लखनौला राहू नये. इथली जमीन ताटासारखी सपाट. गोमती वाहतेय की थांबलीय हे कळायला तिच्यात फूल टाकून बघावं लागतं. असं असूनही आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांनी सगळी नोकरी मानक नगरच्या रेल्वे कॉलनीत काढली, आणि नोकरीतून उरलेला वेळ पडणाऱ्या पाण्याचे फोटो काढण्यात घालवला. पाणी जिथं पडत असेल तिथं जायचं, आणि तिथंही पडत नसेल तर पडेपर्यंत बसून राहायचं, असा त्यांचा खाक्या होता.

मी लग्न होऊन सांगलीहून तिथं गेले तेव्हा नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. पहिल्याच रविवारी सकाळी दूध आणायला निघाले, तर कॉलनीच्या पाण्याच्या टाकीखाली एक गृहस्थ तिपाईवर कॅमेरा लावून डोक्यावरून काळं फडकं घेऊन उभे. पंपवाला मोटर बंद करायला विसरला होता आणि टाकीवरून पाण्याचा भलामोठा पडदा खाली कोसळत होता. त्या पडद्याला लागून एक बाई दोन्ही हात सरळ सोडून, पापणीही न हलवता उभ्या होत्या. पदर ओला झालेला. मला वाटलं, हे काहीतरी उत्तरेकडचं व्रत असणार. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "ते वरचे काका-काकू. त्यांना काही विचारू नकोस, सांगत बसतील."

असं सांगितल्यावर कोण विचारल्याशिवाय राहील? मी संध्याकाळीच वर गेले.

पुढे कळलं की पंपवाला विसरत नव्हता. टाकी भरून वाहते म्हणून सगळी कॉलनी तक्रार करायची आणि काका त्याच पंपवाल्याला रविवारी चहा पाजून म्हणायचे, "भैया, आज ज़रा आराम से बंद करना." तो बिचारा साऱ्या कॉलनीची बोलणी खाऊन चहा मात्र एकाच घरी प्यायचा.

काकांचं फोटो काढणंही चारचौघांसारखं नव्हतं. फोटो म्हणजे क्षण पकडणं, असं कुणी म्हटलं की त्यांचं डोकं फिरे. "क्षण म्हणजे काय उंदीर आहे पकडायला?" असं ते विचारत. त्यांच्या मते एका क्षणात पाणी दिसतच नाही, नुसते थेंब दिसतात, काचेचे तुकडे फेकल्यासारखे. पाणी दिसायचं तर कॅमेऱ्याचा डोळा बराच वेळ उघडा ठेवायचा आणि पाण्याला त्यातून वाहू द्यायचं. भर उन्हात डोळा उघडा ठेवला तर सगळा फोटो पांढराफटक होणार, म्हणून वर्कशॉपमधल्या एका मित्राकडून त्यांनी वेल्डिंगच्या चष्म्याची काळी काच मिळवली होती. ती रबरानं भिंगावर बांधत. तिच्यामुळे रंगीत फोटो हिरवेगार येत, म्हणून रीळ कृष्णधवल. ते रीळ तेव्हा कुठल्या दुकानात मिळेनासं झालं होतं, अमीनाबादचा एक म्हातारा दुकानदार त्यांच्यासाठी ठेवायचा आणि देताना दर वेळी म्हणायचा, "जनाब, अब आप ही बचे हैं।"

"पाण्याला वेळ द्या," हे काकांचं घोषवाक्य. भाजीला फोडणी घालतानाही ते स्वयंपाकघरात डोकावून सांगत. काकू म्हणायच्या, "पाण्याला देऊन उरला तर मलाही द्या थोडा."

ह्या पद्धतीची एक गंमत होती. एवढा वेळ डोळा उघडा ठेवला की जे हलतं ते फोटोतून पुसून जातं. मिर्झापूरजवळच्या धबधब्याला आम्ही सगळे गेलो होतो. काकांनी जागा धरली, ढग यायची वाट बघत बसले, आणि ढग आला त्याच वेळी कॉलेजच्या पोरांची एक टोळी आरडाओरडा करत पाण्यात उतरली. माझा नवरा त्यांना हाकलायला निघाला. काका म्हणाले, "असू दे की. आंघोळ करून जातील." त्यांनी फोटो काढला. तो छापून झाला तेव्हा त्यात खडक होता, पिंजलेल्या कापसासारखं पाणी होतं, पोरं एकही नव्हती. होत्या फक्त काकू, खडकाच्या कडेला, सरळ उभ्या.

कारण काकू प्रत्येक फोटोत असायच्या. पाणी केवढ्या उंचीवरून पडतंय हे कळायला शेजारी काहीतरी मापाचं लागतं, आणि एवढा वेळ न हलता उभं राहणं दुसऱ्या कुणाला जमायचं नाही. मला एकदा उभं केलं होतं, तर फोटोत माझ्या जागी एक धुराचा लोट आला. "मी म्हणजे ह्यांची मोजपट्टी," असं काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. तक्रारीच्या सुरात सांगायच्या. पण रविवारी सकाळी फिक्या रंगाची साडी कोण काढून ठेवायचं? गडद साडी कॅमेऱ्याला चालत नाही, हे काकांना सांगायची वेळ कधी आली नाही. स्कूटरवर मागे बसून, जुन्या चादरीत गुंडाळलेली तिपाई मांडीवर आडवी धरून त्या निघाल्या की अख्खी कॉलनी वाट सोडायची. ती तिपाई दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर असायची.

कुठं कुठं जायचे दोघं! शारदा कालव्याचं पाणी जिथं पायरीवरून खाली पडतं तिथं. गोमतीच्या बंधाऱ्यावर. तिथं एकदा शिपायानं हटकलं, "किस चीज़ की फोटो ले रहे हैं?" काका म्हणाले, "पानी की." शिपाई बंधाऱ्याकडे बघत राहिला. "पानी में है क्या?" "वही तो देख रहे हैं," असं म्हणून काका पुन्हा फडक्याखाली शिरले. त्या शिपायानं संशयानं तासभर पहारा दिला, आणि शेवटी तोही बाजूला हाताची घडी घालून पाणी बघत बसला म्हणे.

बख्शी का तालाबकडे एका शेतात ट्यूबवेलची मांडीएवढी जाड धार हौदात पडायची. ती तर काकांची फार लाडकी. शेतकरी म्हणाला, "बाबूजी, एक हमारी भी।" काकांनी त्याला धारेशेजारी उभं केलं आणि सांगितलं, "हिलिएगा नहीं." तो इतका प्रामाणिकपणे थांबला, की फोटो झाल्यावरही हलेना. काकूंनी "भैया, हो गया" म्हणून सांगितल्यावर त्यानं श्वास सोडला. पुढच्या खेपेला काकांनी फोटो नेऊन दिला, तर त्याच्या बायकोनं तो बघून विचारलं, "ये दूध कहाँ से आया?"

हे वेड आलं कुठून, ते काकांनी कधी सांगितलं नाही. काकूंनी सांगितलं. काका जत तालुक्यातले. लहानपणी त्यांनी पाणी पडताना पाहिलं ते फक्त पोहऱ्यातून घागरीत, आणि तेही आई दोरी ओढून दमली की त्यांच्यावर खेकसायची, सांडू नको म्हणून. "आता सांडलेलं पाणी बघत हिंडतात," असं काकू म्हणाल्या. त्यांच्या स्वतःच्या माहेरी, सोलापुरातही पाण्याची ओढाताणच होती, पण त्यांना काही असलं खूळ लागलं नाही. मी तसं म्हटल्यावर त्या हसल्या. "मला ह्यांचं लागलं की. एका घरात किती खुळं ठेवायची?"

काकांच्या नोकरीचं सांगायचं राहिलंच. धावत्या डब्यांना किती हादरे बसतात, पूल किती थरथरतात, हे मोजायचं त्यांचं खातं होतं. दिवसभर थरथर मोजायची आणि रविवारी बायकोला स्थिर उभं करायचं. ह्यावर कॉलनीत विनोद व्हायचे. त्यातले काही मीही केले आहेत.

फोटो ते घरीच छापायचे, न्हाणीघरात. रविवारी दुपारी खिडकीला गोणपाट लागलं, आत लाल दिवा लागला, की त्या घरात कुणाला हात धुवायचीही सोय नसे. त्यांची मुलगी कॉलेजात होती. ती दारावर थापा मारायची, "पापा, प्लीज़ यार, कितनी देर?" लखनौत वाढलेली ती, मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र हिंदीत. आतून आवाज यायचा, "पाण्याला वेळ दे!" मग ती आमच्याकडे खाली यायची.

अशाच एका रविवारी, थंडीच्या दिवसांत, मी आणि काकू त्यांच्या स्वयंपाकघरात मटार सोलत बसलो होतो. काका चिमट्यात ओला फोटो धरून बाहेर आले. "हललीस तू."

"मी? नाही हो."

"हात बघ."

काकूंनी बघितलं. कालव्याचं पाणी, शेजारी त्या. उजवा हात मनगटापासून पुसट झाला होता. "वारा असेल," त्या म्हणाल्या. "वाऱ्यानं पदर हलतो, हात नाही," असं म्हणून काका चिडून आत गेले. पुढच्या रविवारी पुन्हा तसंच झालं आणि ह्या वेळी दोघांचं चांगलंच वाजलं. इतक्या वर्षांत कधी हलले नाही, आता कशाला हलेन, असं काकू म्हणत होत्या आणि त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. आपल्या एका गोष्टीचा माणसाला अभिमान असतो, तिच्यावरच कुणी बोट ठेवलं की लागतं.

तिसऱ्या वेळी वरून भांडणाचा आवाज आला नाही. मी वर गेले तर फोटो दोरीवर वाळत होता. काकूंचा चेहरा स्वच्छ, खांदे स्वच्छ, साडीची प्रत्येक निरी मोजता येईल अशी, आणि उजवा हात नुसता धूर. काका त्याच्यासमोर स्टूल घेऊन बसले होते. थोड्या वेळानं ते खाली आमच्याकडे आले आणि माझ्या नवऱ्याला म्हणाले, "मेडिकल कॉलेजात कोणी ओळखीचं आहे का रे?"

कंपवात निघाला. चहाचा कप बशीत वाजू लागण्याच्या किती तरी आधी तो फोटोत आला होता.

काकूंनी ते थट्टेवारी नेलं. "ह्यांचं ऑफिस आता घरीच आलंय," असं त्यांनी मला सांगितलं.  काकांनी मात्र तेव्हापासून त्यांना फोटोत उभं करणं सोडलं. त्रास नको म्हणून सोडलं असणार. पण काकूंना ते कसं लागलं, ते मला माहीत आहे. रविवारी स्कूटरवर त्या जायच्या, तिपाईही धरायच्या, आणि तिथं पोचल्यावर चादर पसरून झाडाखाली बसायच्या. मापाला काका छत्री रोवून ठेवायचे. "माझ्या जागी छत्री," काकू एकदा मला म्हणाल्या. मला काकांचा फार राग आला होता त्या दिवशी.

मुलीचं लग्न ठरलं ग्वाल्हेरच्या एका मराठी घरात. मुहूर्त फेब्रुवारीतला, कार्य आमच्याच कॉलनीच्या हॉलमध्ये, लग्न लावायला बनारसचे मराठी गुरुजी. सगळी तयारी झाली आणि काकूंनी एक दिवस जाहीर केलं, की कन्यादानाचं पाणी त्या सोडणार नाहीत. पुण्याहून जाऊबाई येतील, त्या सोडतील.

आपल्याकडे कन्यादानाला खाली काशाचं भांडं ठेवतात. त्यावर जावयाची ओंजळ, त्यावर मुलीची, सगळ्यांत वर बापाची, आणि मुलीची आई झारीनं त्यावर पाण्याची धार धरते. मंत्र संपेपर्यंत ती धार तुटू द्यायची नाही. काकूंना भीती होती ती ह्याची. चार माणसांत धार तुटली, पाणी भलतीकडे गेलं, तर? अपशकुन म्हणायला तोंडं तयारच असतात. ग्वाल्हेरची मंडळी पहिल्यांदाच घरी येणार होती.

मुलीनं एका वाक्यात निकाल दिला. "पानी मम्मी ही डालेंगी, नहीं तो मैं बैठूँगी ही नहीं।"

काकूंनी मान्य केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी हळद दळून आणलेली द्यायला गेले, तर त्या न्हाणीघरात पाटावर बसून झारीतून बादलीत पाणी ओतत होत्या. फरशीवर सगळीकडे पाणी. मला बघून त्यांनी झारी खाली ठेवली. "होत नाही गं," त्या म्हणाल्या. "एकटी असताना थोडं जमतं. कोणी बघायला लागलं की हा मेला जास्तच नाचतो." आणि त्यांनी उजवा हात डाव्या हातात दाबून धरला. मी फरशी पुसली. 

जाताना त्यांनी मला थांबवलं. कन्यादानाचा फोटो मी काढणार, हे त्यांना माहीत होतं. कॉलनीतल्या बारशा-वाढदिवसांचे फोटो मी माझ्या छोट्या कॅमेऱ्यानं, फ्लॅश लावून काढायचे, म्हणून काकांनीच मला ते काम दिलं होतं. बोलावलेल्या फोटोग्राफरला त्या वेळेपुरतं जेवायला बसवायचं, असाही बेत त्यांनी करून ठेवला होता. "घरात पाणी पडणार आणि माझे हात खाली अडकलेले. असं पहिल्यांदाच होतंय," ते म्हणाले होते. कॅमेरा ते लावून ठेवणार, लांब तारेचं बटण माझ्या हातात. "आपलं नेहमीसारखं. फ्लॅश नको. पाण्याला वेळ दे."

काकू म्हणाल्या, "तुझ्या त्या फ्लॅशनं हात थांबलेला दिसतो ना?"

"दिसतो."

"मग तो लाव. ह्यांना सांगू नकोस. पोरीच्या फोटोत माझा हात असा दिसायला नको."

मी हो म्हटलं. काय चुकीचं मागत होत्या?

लग्नाच्या दिवशी मी माझा फ्लॅश काकांच्या कॅमेऱ्यावर चढवला. काका पाटावर बसले होते. त्यांनी तो बघितला, माझ्याकडे बघितलं, पण गुरुजींनी आचमनाला हात पुढे करायला सांगितलं आणि ते राहिलं.

ओंजळी एकावर एक आल्या. काकूंनी झारी उचलली. पहिली धार सरळ आली, आणि मला हायसं वाटतंय तोच ती डगमगायला लागली. पाणी काकांच्या मनगटावर पडलं, मग सोवळ्यावर, मग पाटावर. ग्वाल्हेरकडच्या एक बाई शेजारणीच्या कानाला लागल्या. गुरुजी मंत्र थांबवून म्हणाले, "वहिनी, धार तुटायला नको. कोणीतरी यांच्या हाताला हात लावा." जाऊबाई पदर खोचून पुढे झाल्या. काकूंचा चेहरा पांढरा पडला होता. त्या झारी खाली आणायला लागल्या, द्यायच्याच बेतात.

"थांबा," काका म्हणाले. गुरुजींना म्हणाले का जाऊबाईंना, कळलं नाही. "तुम्ही मंत्र म्हणा. तू सोड गं."

काकूंनी पुन्हा झारी वर केली. हात थरथरतच होता, धार इकडून तिकडे जात होती. आणि काकांची ओंजळ तिच्यामागोमाग जायला लागली. धार डावीकडे गेली की ओंजळ डावीकडे, उजवीकडे आली की उजवीकडे. आधी ती मागे पडायची. मग दोन्ही बरोबर हलायला लागल्या. जन्मभर पाण्यासमोर खांबासारखा उभा राहिलेला माणूस बायकोच्या हाताबरोबर थरथरत होता, नजर तिच्या हातावर, आणि एक थेंब बाहेर पडत नव्हता. काकांच्या बोटांतून पाणी खाली मुलीच्या ओंजळीत, तिथून जावयाच्या, तिथून भांड्यात. मुलगी आईकडे बघत होती. ग्वाल्हेरच्या त्या बाईंनी डोळ्याला पदर लावला. मलाही नीट दिसत नव्हतं.

मी फ्लॅशचं बटण बंद केलं. काकूंना दिलेला शब्द मोडतेय हे मला कळत होतं. तारेचं बटण दाबलं, दाबून धरलं, आणि मंत्राची ओळ संपल्यावर सोडलं.

पाहुणे गेल्यावर, हॉलच्या सतरंज्या परत झाल्यावर, एका दुपारी वरच्या न्हाणीघराच्या खिडकीला गोणपाट लागलं. मी वर जाऊन बसले, कारण बोलणी खायची ती एकदाच खाऊन घ्यावीत. काकू कॉटवर होत्या. मुलीच्या खोलीचं दार उघडं होतं आणि आत कोणी नव्हतं.

काका ओला फोटो ताटलीत घालून घेऊन आले आणि त्यांनी तो काकूंसमोर ठेवला. मी वाकून बघितलं. काशाचं भांडं स्वच्छ आलं होतं, जावयाची बोटं स्वच्छ, मुलीच्या मेंदीची वेलबुट्टी, हिरव्या चुड्याची एकेक बांगडी. त्याच्यावर सगळं पांढरं होतं. झारीपासून मुलीच्या ओंजळीपर्यंत एकच पांढरा लोळ, आणि त्यात पाणी कुठलं, काकूंचा हात कुठला, काकांची बोटं कुठली, काही वेगळं काढता येत नव्हतं.

काकूंनी चष्मा लावला. ताटली मांडीवर घेतली, तशी ती हातासरशी थरथरली आणि फोटोवरचं पाणी हललं. त्या बराच वेळ बघत होत्या. मी खाली बघून मनातल्या मनात माफीची वाक्यं जुळवत होते.

"अहो," काकू म्हणाल्या, "ह्यात हात कोणाचा हललाय?"

काका पंच्याला हात पुसत होते.

"माझा," ते म्हणाले.